काडीवरचं तेल

परवा नातवानं मोबाईलवर एका गाडीचा फोटो दाखवला आणि माझी दुपारची झोप उडाली. दोन माणसांपुरती, बुटकी, लांब नाकाची, वर कापडी टप असलेली विलायती गाडी. "आजी, ही क्लासिक स्पोर्ट्स कार. नुसतं बसायला मिळायलासुद्धा नशीब लागतं," असं तो डोळे मोठे करून सांगत होता. मी म्हटलं, "बाबा रे, मी बसलेय हिच्यात. बसलेय म्हणजे कोंबली गेलेय. आणि नशिबाचं म्हणशील तर ते तुझ्या पणजीला विचारायला हवं होतं." त्याला वाटलं आजी थट्टा करतेय. मग त्यानं कुठलं कुठलं वाचून दाखवलं, की या गाड्यांची इंजिनं तापतात, तेल पितात, मालकाला दमवतात. मालकाला! गुडघे दुखत होते, पंखा गरम हवा फेकत होता आणि सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हटलं तर तोंडात तेवढं त्राण नव्हतं. म्हणून लिहायला बसले. लिहिताना मधे थांबता येतं.

आमचं घर श्रीगोंद्याच्या बाहेर, साखर कारखान्याच्या रस्त्याला. घर बरं होतं, पण अंगण मेलं तिरकं. ओट्यापासून थेट खाली ओढ्याकडे उतरत गेलेलं. माझे वडील, म्हणजे नाना, कारखान्यात फिटर होते आणि पंचक्रोशीत विहिरींवरची ऑईल इंजिनं दुरुस्त करायचे. डिझेलवर चालणारी ती इंजिनं रात्रंदिवस उसाला पाणी उपसायची, तापायची, आणि तेलाकडे दुर्लक्ष झालं की जाम व्हायची. असलं जाम इंजिन खोलायला नानांना बोलावलं की ते आधी इंजिनाकडे बघायचे, मग मालकाकडे, आणि म्हणायचे, "इंजिन मरत न्हाई, मारत्यात. तेल कमी पडलं की मेलं." आयुष्यभर त्यांनी हेच बघितलं होतं. तेल कमी पडून मेलेली इंजिनं त्यांनी खंडीभर पाहिली. तेल जास्त होऊन काही बिघडतं, हे त्यांच्या कधी बघण्यातच आलं नव्हतं.

गाडी आमच्याकडे आली ती कारखान्याच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअर साहेबांकडून. त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली ती गाडी नानाच चालती ठेवायचे. साहेब गेले, बाई लेकीकडे जायला निघाल्या, तेव्हा त्यांनी किल्ली नानांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांभाळा, दुसऱ्याच्या हातात ही जगायची नाही." झालं. ते वाक्य नानांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. आमच्याकडे धड दोन खाटा नव्हत्या, पण दारात हिरवी विलायती गाडी होती. पुढं दोन सीटा, मागं पिशव्या ठेवायला एक फळकूट. बाजारच्या दिवशी नाना गाडी काढायचे, शेजारी कारखान्यातला कुणीतरी मोठा माणूस बसायचा, आणि अख्खा बाजार बघत राहायचा. आई त्या सीटवर कधी बसलेली मी पाहिली नाही. तिला कुणी बस म्हटलं नाही आणि तीही म्हणाली नाही.

गाडीचा सेल्फ केव्हाच गेला होता आणि त्याचा पार्ट कुठं मिळत नव्हता. म्हणून गाडी कायम अंगणाच्या उतारावर, नाक ओढ्याकडे करून उभी. पुढच्या चाकांखाली दोन मोठे दगड. निघायचं झालं की नाना आत बसायचे, आई आणि मी दगड ओढायचो, गाडी आपोआप घरंगळायची आणि खाली ओढ्याच्या वळणाजवळ फट्फट् करून चालू व्हायची. आईचं त्या उतारावरून कायम गाऱ्हाणं होतं. सडा टाकला की पाणी ओघळत ओढ्याला जायचं आणि अंगणात नुसत्या चऱ्या पडायच्या. बाजरी वाळत घातली की दाणे घरंगळायचे. पाण्याची घागर कुठं सरळ बसायची नाही. "चार खेपा मुरूम टाका आन् अंगण सपाट करा की," असं ती दर वर्षी म्हणायची. नाना म्हणायचे, "आन् गाडी काय डोक्यानं ढकलू? उतार हाय म्हून गाडी हाय." आणि आई दुसऱ्या दिवशी पुन्हा ओघळत्या अंगणात सडा टाकायची.

त्या घराची सकाळ मला अजून कानांनी आठवते. आधी खराट्याचा आवाज, मग सड्याचा सपकारा, मग म्हशीची धार बादलीत वाजायची, आणि मग बॉनेट उघडल्याची कर्र अशी करकर. झाडलोट, सडा, धार आणि काडी, अशी आईची कामं एकापाठोपाठ ओळीनं ठरलेली. काडी म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची लोखंडी पट्टी. नाना पहाटेच्या पाळीला जायचे, म्हणून हे काम आईकडे आलं आणि तिच्याकडेच राहिलं. नानांनी तिला एकदा शिकवलं होतं: गाडी गार असताना, सकाळीच काडी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत ओढायची. काडीवर दोन खुणा. तेल वरच्या खुणेला टेकलं पाहिजे. कमी असेल तर डब्यातलं घाल. गरम इंजिनात काडी घालायची नाही, वाटेत तर नाहीच नाही. आईनं जुन्या लुगड्याचा एक तुकडा त्यासाठीच कमरेला खोचून ठेवला होता. बॉनेटमध्ये वाकलेली आई, कपाळावर कुंकू, कोपरापर्यंत शेण वाळलेलं आणि हातात ती काडी. आता कुणी असा फोटो काढला तर लोक वाहवा करतील. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आणि काडी रोज कमीच दाखवायची. रोज. आई घालायची, थोडं खाली दिसलं की अजून घालायची. बाजारात जाऊन आली की गाडीच्या मागं निळा धूर, खाली तेलाचं थारोळं, आणि इंजिन असं तापलेलं की बॉनेटवर पापड भाजावा. शेजारची पारूमावशी ओट्यावरून विचारायची, "काय गं, तुमच्या मेमसायबाला आज किती पाजलं?" सगळ्या हसायच्या. आईही हसायची. नाना मात्र हसत नव्हते. त्यांनी रेडिएटर साफ केला, पाण्याचे पाइप बदलले, प्लग घासले, इंजिनाचं वरचं हेड दोनदा खोललं. आतलं सगळं ठीक होतं. ठीक असलेलं इंजिन तापतंय आणि तेल पितंय, हे त्यांच्या हुशारीला सहन होईना. पंचक्रोशीतली इंजिनं त्यांचं ऐकतात आणि दारातलंच ऐकत नाही! आता मला कळतं, माणूस असा हरायला लागला की दोष ठेवायला जागा शोधतो. जागा फार लांब नव्हती.

एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. आईनं हुलग्याचे शेंगोळे केले होते, लसणाची फोडणी घालून, पातळ आणि झणझणीत. नानांना ते इतके आवडायचे की एरवी खाताना ते बोलायचेसुद्धा नाहीत. त्या दिवशी दोन घास खाऊन थांबले आणि म्हणाले, "तू तेल घालतीस, का नुसती काडी पुसून ठिवतीस?"

"घालते की," आई म्हणाली. "रोज घालते."

"मग जातं कुठं? डबा आनला की संपला. इंजिन एवढं पिईल व्हय? मी काय आजचा फिटर हाय?"

"मला काय ठावं? तुमचं इंजिन, तुमी बघा."

नाना आवाज न चढवता म्हणाले, "तुझ्या भावाच्या हिरीवर बी ऑईल इंजिन हाय. त्याला बी तेल लागत आसंल."

मी तेव्हा अकरावीला होते. मला पहिल्यांदा कळलंच नाही ते काय म्हणतात. आईला लगेच कळलं. तिचा हात भाकरीवरच राहिला. माहेरी तेल पोचवतेस, असं तिला नवरा म्हणत होता, तेही लेकीसमोर. बबनमामा पारनेरच्या बाजूला एका आटत्या विहिरीवरचा गरीब शेतकरी, वर्षातून दोनदा यायचा, आला की तिच्यासाठी शेंगा आणायचा आणि जाताना रिकाम्या हातानं जायचा. चोरी करणारी ती नव्हती, आणि चोरीचं घेणारा तो नव्हता. पण एवढं बोलायची ताकद तिच्यात राहिली नव्हती. ती उठली, ताट आत नेलं, आणि भांडी घासायचा आवाज येत राहिला.

त्यानंतर नाना रोज विचारायचे नाहीत. रोज विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. ते फक्त तेलाचा डबा हलवून बघायचे. पाळीवरून आले, चप्पल काढली, डबा हलवला. बाहेरून आले, डबा हलवला. आत तेल किती आहे ते डुचमळण्यावरून कळतं. तो आवाज ऐकला की आईच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरायचं. तिनं सांगून बघितलं, मला साक्षीला उभं करून काडी दाखवली, "ही बघ, तूच बघ, खाली हाय का न्हाई?" मी म्हणायचे, "हाय गं खाली." ते खरंच होतं. तेल खालीच होतं. पण काडीची साक्ष नानांना पुरत नव्हती, आणि माझी तर नव्हतीच. आई त्या वर्षी फार दमली. कामानं नाही. कामाला ती कधी दमत नव्हती. रोज सकाळी वाकून तेल घालायचं आणि रोज संध्याकाळी त्याच तेलाची चोर ठरायचं, यानं ती दमली. मला अजूनही राग येतो. इतकी वर्षं झाली, दोघंही गेले, तरी येतो.

चैत्रात मामाच्या गावची जत्रा असायची. आई दर वर्षी एसटीनं जायची, त्या वर्षी तिनं विषयच काढला नव्हता. आणि अचानक नाना म्हणाले, "या वर्साला गाडीनं जाऊ. तिघं बी." आई पदराला हात पुसत दारात उभी राहिली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी विसरणार नाही. विश्वास बसत नाही आणि बसावा असं फार वाटतंय, असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी तिनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, दही कापडात बांधलं, पाण्याचा मोठा कॅन भरला. निघायच्या दिवशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. काडी बघितली, कमी होती, तेल घातलं. दगड आम्ही दोघींनीच ओढले. मग पळत जाऊन ती नानांच्या शेजारी सीटवर बसली आणि मी मागच्या फळकुटावर, गुडघे हनुवटीला लावून. पारूमावशी ओरडली, "अगं बाई, मेमसायब निघाल्या!" आई लाजून खाली बघायला लागली.

बेलवंडीपर्यंत सगळं छान होतं. टप काढलेला होता, वारा होता, आई डोक्यावरचा पदर एका हातानं धरून शेतं बघत होती. मला दोघांच्या खांद्यांमधून समोरचे दोन काटे दिसत होते. एक इंजिनाच्या उष्णतेचा, एक तेलाच्या दाबाचा. उष्णतेचा काटा हळूहळू वर सरकत होता आणि दाबाचा खाली. नाना रस्त्याकडे कमी आणि काट्यांकडे जास्त बघत होते. पुढं पारनेरच्या बाजूचा चढ लागला तसं मागं निळ्या धुराचा लोट निघाला, करपल्याचा वास यायला लागला आणि माझ्या पायाखालचा पत्रा चटके द्यायला लागला. चढ संपून माळ लागला. तिथं नानांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. आजूबाजूला एक बाभूळ, बाकी सगळा उघडा सपाट माळ. बॉनेटखालून सूं असा आवाज येत होता.

नाना उतरले. बॉनेट उघडून वाफ जाईपर्यंत उभे राहिले. मग आईकडे न बघता म्हणाले, "बघितलंस? तेल न्हाई आत. तेल असतं तर आसं तापलं असतं व्हय?"

"सकाळीच घातलंय मी."

"घातलंयस." नाना कसनुसं हसले. "म्हून तर निघालोय. आज बबनच्या इंजिनाच्या खोलीत जाऊन बघतोच, किती डबे हायेत ते. एकदा डोळ्यानं बघितलं म्हंजी झालं."

आई सीटवरच होती. तिनं दार उघडलं आणि खाली उतरली. म्हणजे जत्रेला नव्हे, झडतीला निघालो होतो. हिरवं लुगडं नेसून, दशम्या बांधून, ती स्वतःच्या भावाची झडती घ्यायला नवऱ्याच्या शेजारी बसून आली होती. मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती बाभळीखाली जाऊन बसली आणि म्हणाली, "सुमे, दशमी खाऊन घे. दही नासंल."

आम्ही बसलो. किती वेळ कुणास ठाऊक, ऊन डोक्यावरून कलायला लागलं. नानांनी कॅनमधलं सगळं पाणी गार झालेल्या रेडिएटरला पाजलं, आमच्यासाठी तळाला घोटभर ठेवलं. त्यांनी दशमी घेतली नाही. आईनं दोनदा पुढं केली, मग आपणही खाल्ली नाही. एक धनगर मेंढरं घेऊन गेला, गाडीकडे बघून म्हणाला, "लई भारी हाय, पर बसल्याली दिसतीय." बॉनेटवरचा पत्रा हळूहळू निवत होता, मधूनच टक् करून वाजत होता. आई त्या आवाजाकडे कान देऊन बसली होती. मग उठली.

ती काही सिद्ध करायला उठली नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. गाडी गार झाली होती, बॉनेट उघडं होतं आणि तिच्या कमरेला फडकं होतं. रोजची सवय. तिनं काडी ओढली, पुसली, आत घातली, परत ओढली. आणि काडी हातात धरून तशीच उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली. "हिकडं या."

नाना आले. काडी वरच्या खुणेपर्यंत नव्हे, वरच्या खुणेच्या पार पुढं, जवळजवळ मुठीपर्यंत काळ्या तेलानं माखली होती. नानांनी ती तिच्या हातातून घेतली, पुसली, घातली, ओढली. तसंच. पुन्हा पुसली. आईचं फडकं काळं झालं. काडी खोटं बोलत नव्हती. इंजिन तेलानं गच्च भरलं होतं.

नाना खाली बसले. गाडीकडे बघितलं, मग माळाकडे बघितलं, मग हातानं हवेत एक तिरकी रेघ ओढली. त्यांना कळलं ते मला सावकाश कळलं, पण आता सांगते. काडी इंजिनाच्या मागच्या अंगाला होती. घरी गाडीचं नाक उताराला, खाली. तेल सगळं पुढं गोळा व्हायचं आणि मागं काडीला जेमतेम लागायचं. आई रोज खूण बघून घालत होती आणि रोज ते गरजेपेक्षा जास्त होत होतं. आत इतकं तेल झालं की फिरता दांडा ते ताकासारखं घुसळायचा, फेस करायचा, इंजिन तापवायचा, आणि नको असलेलं तेल धूर होऊन जायचं नाहीतर खाली गळायचं. मग काडी आणखी कमी दाखवायची. माळावर गाडी सपाट होती. सपाट जागेवर, गार असताना, आमच्या घरच्या कुणीही ती काडी कधीच बघितली नव्हती. अंगण तिरकं होतं आणि वाटेत काडी घालायची नाही, असा नानांचाच कायदा होता.

आई त्यांच्याकडे बघत होती. मग एवढंच म्हणाली, "जायचं न्हवं बबनच्या खोलीत बघायला?"

मी वाट बघत होते. खूप वाट बघितली मी, त्यांनी काहीतरी म्हणावं म्हणून. ते उठले, हत्यारांच्या पिशवीतून पाना काढला, पाठीवर झोपून गाडीखाली सरकले आणि म्हणाले, "कॅन दे." मी घोटभर पाणी आईला दिलं आणि रिकामा कॅन खाली सरकवला. त्यांनी इंजिनाच्या तळाच्या चेंबरचा नट सैल केला आणि तेल धारेनं कॅनमध्ये पडायला लागलं. नट आवळायचे, बाहेर येऊन काडी बघायचे, परत खाली जायचे. पाण्याचा तो मोठा कॅन निम्म्याच्या वर भरला. ज्या तेलासाठी वर्षभर डबा हलवला गेला, ते इतका वेळ आमच्याच दारात उभं होतं.

गाडी चालू करायला उतार नव्हता. आई आणि मी मागून, नाना दाराशी, अशी आम्ही ती सपाट माळावर ढकलली. आई लुगडं खोचून ढकलत होती, सगळं अंग लावून. चालू झाली तेव्हा धूर अगदी थोडा निघाला. मामाच्या गावापर्यंत मी काट्यांवरून नजर काढली नाही. दोन्ही काटे आपापल्या जागी होते. आई तेलाचा कॅन मांडीवर घेऊन बसली होती, झाकण हातानं दाबून, हिरव्या लुगड्यावर डाग पडत होते तरी. मी म्हटलं, "आई, माझ्याकडं दे." ती म्हणाली, "राहू दे. माझंच हाय ते."

बबनमामा पळत आला. "अक्का! दाजी! गाडी घिऊन आले व्हय! अगं, हे काय आनलंस?"

आईनं कॅन त्याच्या हातात दिला. "तेल हाय," ती म्हणाली. "तुझ्या दाजींनी आनलंय. बैलगाडीच्या आसाला घाल, रहाटाच्या चाकाला घाल. तुला लागत आसंल म्हनून आनलंय त्यांनी."

मामाला काय, त्याला आनंद झाला. "लई उपेग होईल बघा दाजी," असं तो म्हणत राहिला. नाना मान खाली घालून चपला काढत होते. चपला काढायला इतका वेळ लागत नाही. जत्रा झाली, मटणाची जेवणं झाली, आणि नानांनी त्या इंजिनाच्या खोलीकडे ढुंकूनही बघितलं नाही. निघायच्या दिवशी आई उंबऱ्यातच उभी राहिली. "मी राहते जरा हितं," ती म्हणाली. "मागनं येते यष्टीनं." नाना "किती दिस?" असं विचारायला गेले आणि तोंडातच थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चल सुमे." परतताना मी पुढच्या सीटवर होते. ती आईची जागा होती, आणि सगळ्या वाटेत मला नीट बसता आलं नाही.

घर आईविना कसं होतं ते काय सांगू. मी भाकरी थापायची ती जाड व्हायची, म्हैस मला धार देईना, पारूमावशी रोज विचारायची, "आई कदी येनार गं?" तेलाचा डबा मात्र नानांनी हलवला नाही. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी बाहेर धाडधाड आवाज झाला म्हणून मी गेले तर बैलगाडी मुरूम ओतत होती. नाना फावडं घेऊन उभे. त्या दिवसापासून पाळी संपली की ते अंगणात. मुरूम ओढायचे, पाणी मारायचे, धुम्मसानं ठोकायचे, पुन्हा ओढायचे. विहिरींवरच्या इंजिनांसाठी बोलवायला आलेली माणसं परत पाठवली. सपाट आहे का ते बघायला त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेलं ताट मधोमध ठेवलं आणि चारी बाजूंनी वाकून बघितलं. गाडीसाठी पुढं चाकापासून थोडासा उतार राखला, पण गाडीची उभी राहायची जागा सपाट, आणि ओट्यासमोरचं सगळं अंगणही सपाट. मी एकदा विचारलं, "नाना, आईला आनायला जायचं का?" ते म्हणाले, "अंगण होऊ दे." त्यापलीकडे ते काही बोलले नाहीत, आणि पुढंही आयुष्यभर त्या विषयावर बोलले नाहीत. मला ते पुरेसं वाटत नाही. आईला पुरलं का, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.

आई आली ती दुपारी, एसटीनं, डोक्यावर शेंगांचं गाठोडं घेऊन. फाटकाशी थांबली. अंगणाकडे बघितलं. गाठोडं खाली ठेवलं आणि पायानं मुरूम दाबून बघत इकडून तिकडं चालत गेली, कोपऱ्यापर्यंत, आणि परत. नाना ओट्याच्या खांबाला धरून उभे होते. हातांना फोड आले होते ते हात त्यांनी पाठीमागं घेतले.

"मुरूम चांगला बसलाय," ते म्हणाले.

"आता सडा बसंल," आई म्हणाली, आणि गाठोडं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी नानांना सुट्टी होती. सकाळी खराट्याचा आवाज आला, सडा पडला आणि ओघळून कुठं गेला नाही. म्हशीची धार वाजली. बॉनेट करकरलं तेव्हा आई दुधाची बादली घेऊन ओट्यावर चढत होती. बाहेरून नानांचा आवाज आला, "अगं, ते फडकं कुठंय?"

आईनं कमरेचं फडकं काढलं, कठड्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हे घ्या. हितनं पुढं बघा तुमचं तुमी."